मधूताईंच्या पर्समधले लाडू

"बाळाला भुकेलं झोपू देऊ नको. झोपमोड झाली तर होऊ दे. आमच्या घरच्या लेकरांना भूक सोसत नाही."

मधूताई हे बोलल्या तेव्हा त्यांच्या तोंडात अर्धा लाडू होता, म्हणून की काय, सुमेधाने ते ऐकून सोडून दिलं. २००८ च्या दिवाळीतली ही गोष्ट. सुमेधा आणि गिरीश इंग्लंडमधल्या रीडिंगहून पंधरा दिवसांसाठी नागपूरला आले होते, सुमेधाला नुकतेच दिवस गेले होते, आणि ती बातमी सगळ्यांत आधी मधूताईंना सांगायची हे गिरीशने विमानातच ठरवलं होतं. मधूताई त्याची थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यापासून त्याला आईच्या जागी. शाळेत भूगोल शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, धरमपेठेतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आणि नात्यागोत्यात प्रसिद्ध होत्या त्या एकाच गोष्टीसाठी. त्यांच्या पर्समध्ये कायम दाण्याच्या लाडवांचा डबा असे.

शाळेत दोन तासांच्या मधे लाडू. बँकेच्या रांगेत लाडू. कुणाच्या सांत्वनाला गेल्या तरी निघताना जिन्यात, पदराआड, लाडू. उपास त्यांनी कधी केला नाही. आषाढी नाही, शिवरात्र नाही. सोळाव्या वर्षी हरतालिकेला मैत्रिणींबरोबर पाण्याशिवाय बसल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शुद्ध हरपून पडल्या. सलाइन लावल्यावर डोळे उघडले. "नाजूक आहे पोरगी," एवढं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला. मधूताईंनी मात्र त्या दिवसापासून उपासाला जो रामराम ठोकला तो ठोकलाच. मग काय, टोमण्यांना ऊत. भाचरं त्यांना लाडूआत्या म्हणत. एक चुलत वहिनी म्हणायची, संकष्टीचा चंद्र आमच्या मधूवन्संसाठी सकाळी आठलाच उगवतो. मधूताई हसायच्या आणि डबा तिच्यापुढे धरायच्या.

असल्या बाईने दिलेला सल्ला. सुमेधा पुण्याची, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. काळजी करायची झाली तर ती पुस्तकं वाचून, तक्ते करून, रीतसर करायची असं तिचं मत. रीडिंगला परतल्यावर मैत्रिणींच्या जेवणात तिने तो किस्सा नकलेसकट सांगितला. तोंडात लाडू, आणि लाडवाआडून येणारा तो गंभीर आवाज. सगळ्या पोट धरधरून हसल्या.

अनुया मेमध्ये झाली. पाचव्या दिवशी मिडवाइफ, म्हणजे तिकडची सुईण, घरी आली, अनुयाचा पाय कोमट पाण्याने शेकला, टाचेला बारीकशी टोचणी लावली आणि जाड कागदाच्या कार्डावर छापलेल्या चार गोलांत रक्ताचे चार थेंब उतरवले. अनुया रडली, तिच्यापेक्षा जास्त सुमेधा. हे कशासाठी, तर जन्मतःच असणारे पण वरून न दिसणारे काही आजार शोधायला. त्यात एक नाव नवीनच होतं. देशभर सगळ्या बाळांची ती तपासणी आत्ताच कुठे सुरू झालीय, असं मिडवाइफ म्हणाली. काही निघालं नाही तर पत्र येईल. काही निघालं तर फोन येईल.

सहा दिवसांनी फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं अनुयाला घेऊन लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात बसले होते. सुमेधाने चार वर्षांत जितके देव आठवले नव्हते तितके पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत आठवून झाले होते. पण डॉक्टरीणबाईंनी आधी अनुयाकडे बघून, छान आहे की, असं म्हटलं आणि मग कागदावर चित्र काढून समजावलं. आपण जेवतो, त्यातल्या साखरेवर शरीर चालतं. ती संपली की शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं. ती जाळायचं काम साखळीसारखं असतं, एकेक कडी. अनुयाच्या साखळीतली मधली एक कडी काम करत नाही, असं पहिल्या रक्तावरून दिसतंय. पोट भरलेलं आहे तोवर ती इतर मुलांसारखीच. पण फार वेळ पोट रिकामं राहिलं, किंवा तापात, उलट्यांत खाणं सुटलं, तर मग अंगातली साखर झपाट्याने उतरते, मूल गुंगीत जातं, आणि कुणाला कळलंच नाही तर जिवावर बेततं. कळलेलं असलं तर औषधसुद्धा लागत नाही. वेळेवर खायला घालायचं. आजारी पडली तर ग्लुकोजचं पेय, दर दोन तासांनी, आणि ते पोटात ठरलं नाही तर तडक हॉस्पिटल. खात्रीच्या तपासण्यांसाठी पुन्हा रक्त घेतलं. पुढच्या बुधवारी या म्हणाल्या.

बाहेर सोडायला आलेल्या नर्सने सुमेधाचा हात हातात धरून एक गोष्ट सांगितली, ती तिने तिथल्या तिथे अनुयाच्या आरोग्यनोंदींच्या लाल पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतली. कशी आहे, असं विचारू नका. शेवटचं कधी खाल्लं, ते विचारा. कशी आहे याला सगळे बरी आहे म्हणतात. घड्याळ खोटं बोलत नाही.

हे सुमेधाच्या स्वभावाला असं काही मानवलं की गिरीश चकित झाला. इतके दिवस तिच्या काळजीला धरबंध नव्हता. खोली थंड आहे का, श्वास जोरात चालतोय का. आता तिला एकच गोष्ट सांभाळायची होती, आणि ती मोजता येत होती. तिने एक्सेलमध्ये तक्ता केला. वेळ, किती मिनिटं, कुठल्या बाजूला. दोन मोबाइलवर दोन गजर. अनुया गुटगुटीत दिसायला लागली होती. आठ दिवसांनी सुमेधाच्या लक्षात आलं की आपण गुणगुणत भांडी घासतोय.

मधूताईंना फोन गिरीशने केला होता, त्या पहिल्या भेटीनंतर लगेच, आणि तो त्या बिचाऱ्याला नीट जमला नाही. कॉलिंग कार्डवरचे पैसे संपत आलेले. रक्तात दोष आहे, जन्मभराचा आहे, एवढं म्हणाला आणि लाइन तुटली. नंतर पुन्हा केला तेव्हा मधूताईंनी फार विचारलं नाही. बरं, एवढंच म्हणाल्या. भुकेचा संबंध आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

बुधवार, तीन जून. खात्रीच्या तपासण्यांतही तेच निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी मोठा कागद घेतला आणि घराण्याची वंशावळ मांडायला बसल्या. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. कुणी लहानपणी अचानक गेलं होतं का? गिरीशला एकदम आठवलं. त्याच्या आधी एक भाऊ होता, शशिधर. दीड वर्षाचा. जुलाब-उलट्या झाल्या म्हणून लंघन घातलं, पोटाला विश्रांती म्हणून, आणि तो सकाळी उठलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचा चौकोन काढून त्यावर, गेलेल्यांसाठी मारतात तशी, हलकेच तिरकी रेघ मारली. आणि मोठ्या माणसांत कुणी? उपाशी राहिलं की चक्कर येणारं?

सुमेधाला हसूच आलं. म्हणाली, उलट आहे, आमच्याकडे एक अशा आहेत की ज्या उपाशी राहतच नाहीत. आणि तिने सवयीने तो किस्सा सुरू केला. पर्समधला डबा, जिन्यातला लाडू, सोळाव्या वर्षाची हरतालिका, सलाइन. सांगता सांगता तिचं इंग्रजी हळूहळू संथ होत गेलं. शेवटचं वाक्य तिने नकलेशिवाय सांगितलं. आमच्या घरच्या लेकरांना भूक सोसत नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी गिरीशच्या चौकोनाशेजारी एक गोल काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं. यांची तपासणी करून घ्या, म्हणाल्या. घाई अशी नाही, इतकी वर्षं त्यांनी स्वतःला छान सांभाळलंय. फक्त त्यांना उपाशी राहू देऊ नका.

परतीच्या गाडीत अडीचला अनुया पोटभर प्यायली आणि झोपली. गिरीश खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "म्हणजे ताईला हे आपोआप कळलं होतं." मैत्रिणींच्या जेवणातलं ते सगळ्यांचं हसणं सुमेधाच्या कानात होतं. घरी गेल्या गेल्या फोन करायचा आणि ताईंची माफी मागायची, असं तिने ठरवलं. त्यात एक गंमतही होती. बाई स्वतःच स्वतःची डॉक्टर निघाली. ही बातमी ऐकून ताई कशा हसतील, आणि त्या चुलत वहिनीला काय काय ऐकवतील.

साडेतीनला घरी पोचले. नागपुरात रात्रीचे आठ. सुमेधाने कॉलिंग कार्डाचा नंबर दाबला, मग पिन, मग ताईंचा नंबर. गिरीशने उठलेल्या अनुयाला नॅपी बदलायला सोफ्यावर घेतलं.

फोन फार वेळ वाजला. मग ताईंचा आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा. कशा आहात, असं सुमेधाच्या तोंडून गेलंच.

"बरी आहे गं. जरा पडले होते. ऊन फार आहे यंदा."

बरी आहे. सुमेधाला नर्सचे शब्द आठवले. तिने दुसरा प्रश्न विचारला.

"ताई, शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल दुपारी एकला. दशमीला एकभुक्त असतं ना."

"आणि पाणी?"

"आज निर्जला एकादशी आहे. उद्या सकाळी पारणं."

ज्येष्ठातली एकादशी, नागपूरचं त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, आणि पाण्याचा थेंब नाही. सुमेधाने नकळत हिशेब मांडला. एकतीस तास. ज्या बाईने सोळाव्या वर्षापासून जागेपणी चार तास पोट रिकामं ठेवलं नव्हतं, तिचे एकतीस तास.

"तुम्ही कधी उपास करत नाही, ताई."

"तेच तर." मधूताईंचा आवाज संथ होता, शब्दाशब्दाला थांबत होता. "साऱ्या घरात मीच एक चुकार निघाले. देवाचं म्हणून काही केलं नाही कधी, नुसती खात राहिले. गिरीशने सांगितलं तेव्हा वाटलं, त्याचंच तर लेकराला फेडावं लागून नाही ना राहिलं. म्हटलं एक तरी कडक धरावी. अनूसाठी."

सुमेधाने फोनवर हात ठेवून गिरीशला एवढंच म्हटलं, की मोबाइलवरून अर्चनाला लाव, आत्ता, तिला वर जायला सांग. अर्चना म्हणजे ताईंच्या खाली राहणारी, ताईंचीच जुनी विद्यार्थिनी. गिरीशने एका हाताने अनुयाला धरून दुसऱ्या हाताने नंबर लावला.

"ताई, ऐका," सुमेधा म्हणाली. "आज डॉक्टरांनी सांगितलं. अनूला जे आहे ते भुकेचं आहे. ती उपाशी राहिली तर तिचं शरीर साठ्यातलं काढू शकत नाही. तुमच्याकडे लोडशेडिंग होतं ना, तसं. इन्व्हर्टर आहे, बॅटरी भरलेली आहे, पण लाइट गेली की तो सुरूच होत नाही. आणि तेच तुम्हालाही असणार. तुम्ही चुकार नव्हता हो. तुम्ही जन्मभर जे करत आलात तेच मी आता अनूला करतेय, दर तीन तासांनी. इथे त्याला ट्रीटमेंट म्हणतात."

तिकडून उत्तर आलं ते भलतंच. "उद्या सकाळी पारणं," ताई म्हणाल्या. मग पुन्हा, अगदी त्याच चालीत, "उद्या सकाळी पारणं." आणि मळमळतंय म्हणाल्या.

दार वाजल्याचा आवाज आला, मग अर्चनाचा. तिने फोन घेतला. बाई पलंगावर आहेत, अंग गार लागतंय, बोलतायत पण डोळे मिटून. सुमेधाने सांगितलं, आधी पर्स बघ, लाडू असतील. अर्चनाने पाहिलं. डबा होता, रिकामा. लाडू सकाळीच अंगणातल्या मुलांना वाटून टाकले होते. मोह नको म्हणून. पण नागपूरच्या उन्हाळ्यात ग्लुकोजच्या पावडरीचा डबा नाही असं घर कुठलं? अर्चना धावत खाली जाऊन आली, पेलाभर पाण्यात पाच चमचे ढवळले, आणि मग फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "वहिनी, त्या तोंडच उघडत नाहीयेत. उपास मोडायचा नाही म्हणतात."

त्याच वेळी सोफ्यावर अनुयाने गळा काढला. ओली नॅपी निघाली, गार हवा लागली, ती कळवळून रडायला लागली. सुमेधाने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग अर्चनाला म्हणाली, फोन बाईंच्या कानाला लाव, आणि स्वतःचा फोन लांब करून अनुयाच्या तोंडाशी धरला. पाच सेकंद. दहा सेकंद.

"ऐकलंत? तिची प्यायची वेळ झालीय, ताई. मी तिला घेत नाहीये. तुम्ही घोट घ्याल तेव्हा मी तिला घेईन. जोवर तुमचा उपास तोवर तिचाही."

गिरीश नॅपी हातात धरून बायकोकडे बघतच राहिला.

"वेडी झालीस का?" नागपूरहून आवाज आला, आणि तो आवाज भूगोलाच्या बाईंचा होता. "पाज तिला आधी. काय बाई आहेस!"

"तुम्ही आधी."

पेला दाताला लागल्याचा, मग घोटाचा आवाज. सुमेधाने आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता. ती मोजत होती. दहा मिनिटांत अर्धा पेला, थांबून थांबून. पुढच्या पंधरात उरलेला. अर्चनाच्या नवऱ्याने गाडी काढली, आणि ताईंना जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथला तरुण डॉक्टर आधी म्हणाला, उष्माघात दिसतोय. सुमेधाने अर्चनाच्या मोबाइलवर फोन करून, हॉस्पिटलने अनुयासाठी दिलेल्या इमर्जन्सीच्या पत्रातली वाक्यं त्याला एकेक करून वाचून दाखवली, आणि त्या शहाण्या मुलाने वाद घातला नाही. आधी बोटाच्या रक्तातली साखर पाहिली, मग ग्लुकोजचं सलाइन लावलं. दोन तासांनी मधूताईंनी डोळे पूर्ण उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो अर्चनाला: अनूला पाजलं का?

ऑगस्टमध्ये ताईंचं रक्त अगदी तसल्याच कार्डावर उतरवून मुंबईला पाठवलं गेलं. तेच निघालं, प्रश्नचिन्ह पुसलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी पेनने तो गोल भरून टाकला, आणि मधूताईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ शशिधरबद्दलच बोलत राहिल्या. तो गोरा होता, आणि त्याला केळं फार आवडायचं. आईने मरेपर्यंत स्वतःला दोष दिला, तिला हे कळायला हवं होतं.

त्या वर्षी दिवाळीला मधूताईच रीडिंगला आल्या. लाडवांचा डबा विमानतळावर उघडून दाखवावा लागला आणि त्यांनी तो, इंग्रजीत, औषध म्हणून दाखवला. आता त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मांडीवर पाच महिन्यांची अनुया घेऊन बसल्या होत्या. बाहेर सातच्या आतच अंधार पडलेला, आत चकली तळल्याचा वास. गजर झाला, तसं सुमेधाने अनुयाला घेतलं आणि गिरीशने ताईंपुढे लाडू ठेवला. दोघींची वेळ आता एकच होती.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. "त्या दिवशी खरंच तिची वेळ झाली होती का?"

सुमेधाने मान हलवली. "नव्हती. तासाभरापूर्वीच गाडीत प्यायली होती. गिरीश नॅपी बदलत होता."

"मला वाटलंच. ते रडणं ओल्याचं होतं, भुकेचं नव्हतं."

"मग प्यायलात कशाला?"

"तू एवढं धडधडीत खोटं बोलून राहिलीस, म्हणजे गोष्ट खरी असणार, असं वाटलं." आणि ताईंनी लाडवाचा घास घेतला.

रात्रीची आवराआवर व्हायच्या आधी सुमेधाने लॅपटॉप उघडला. नात्यातल्या सगळ्यांना पाठवायचं एक पत्र ती आठवडाभर लिहीत होती. आजाराचं नाव, लक्षणं, तपासणी कुठे होते, भावंडांची का करायची, आजारी लेकराला लंघन का घालायचं नाही. मधूताईंनी ते वही तपासावी तसं तपासलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि स्वतःचं कौतुक केलेला परिच्छेद काढून टाकायला लावला. उपासाबद्दल वाईट लिहू नको, म्हणाल्या, ज्यांना झेपतो त्यांनी करावा. फक्त ज्यांना झेपत नाही त्यांना हसू नये. सुमेधाने तेही घातलं. ती चुलत वहिनीही यादीत होती. तिचं नाव सुमेधाने दोनदा तपासलं.

शेवटचा परिच्छेद तिने ताईंना न दाखवता लिहिला आणि तसाच पाठवून दिला.

"हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जिला भूक निघत नाही म्हणून आपण सगळे हसत आलो. माझ्या घरात होत्या, आणि सगळ्यांत जास्त मी हसले. हे पत्र बाजूला ठेवा आणि तिला फोन करा. कशी आहेस असं विचारू नका, ती बरी आहे म्हणेल. शेवटचं कधी खाल्लंस, ते विचारा."